आतला खिसा

मांगोचीच्या बाजारात, तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर
पत्र्याच्या पडवीत सात शिंपी बसायचे,
सातही पुरुष.
बायका कापड आणायच्या, माप द्यायच्या
आणि उन्हात उभ्या राहायच्या.

माझ्या थोरल्या बहिणीची, आसियातूची,
आठवीनंतर शाळा सुटली.
फीचे पैसे बाबांच्या औषधात गेले.
त्याच महिन्यात मासळीचा एक व्यापारी
आमच्या अंगणात येऊन बसला.
त्यानं तिला आपादमस्तक न्याहाळलं,
टोपलीतला चांबो मासा घेण्याआधी बघतात तसं,
मग काकांशी हलक्या आवाजात बोलत राहिला.

आई काहीच बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
तिनं आसियातूला नाबांडा बाईंच्या खोलीवर नेऊन सोडलं.
चार पायमशिनी तिथं,
त्यातली एक फक्त शोभेची.

पहिला महिनाभर नुसतं उसवणं.
"शिवायला कुणीही शिकतं," बाई म्हणायच्या,
"चुकलेलं उसवताना कापड फाटू देत नाही
तिला मी शिंपीण म्हणते."

दोरा महाग. म्हणून रात्री ती
सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर
रिकाम्या सुईनं सरळ रेघ शिवायची.
मी तो कागद दिव्यासमोर धरायचे.
भोकाभोकांतून
उजेडाची एक टीप चालत जायची,
कोपऱ्याशी जरा वाकडी.

तिनं शिवलेलं पहिलं कापड माझ्या अंगावर आलं.
शाळेचा निळा झगा,
डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब.
"उत्तर येत असलं की हा हात वर कर," म्हणाली,
"कुणाला कळणार नाही."
मी वर्षभर हात वर करत राहिले.
उत्तर येत नसलं तरी.

मग पडवीच्या टोकाला आठवं मशीन आलं,
जिथं दुपारनंतर सावली उरत नाही.
सातांपैकी सहाजण हसले.
म्हाताऱ्या साइदीनं तेलाची कुपी पुढं सरकवली
आणि मान वळवली.
तीन आठवडे फक्त ठिगळं,
मच्छरदाण्या, दप्तरांचे पट्टे.

टोमॅटो विकणारी नामातेवे आली एकदा.
पैसे ती चितेंजेच्या टोकाला गाठीत बांधायची
आणि गाठ नवऱ्याला पाठ होती.
आसियातूनं कंबरेच्या मुडपीत, आतल्या अंगाला,
त्याच कापडाचा, त्याच दोऱ्याचा
एक खिसा बसवला.
त्याचे पैसे घेतले नाहीत.

पिठाच्या गिरणीसमोरच्या रांगेत
काय कुजबुज झाली ठाऊक नाही.
बायका यायला लागल्या.
म्हणायच्या, खालची किनार दुमडायचीय.
थोडं थांबून,
पडवीकडे पाठ करून म्हणायच्या,
"आणि ते, आतलं."

व्यापारीही आला. बाकीच्यांकडे गर्दी होती,
त्याला ईदच्या आधी पँट हवी होती.
टेप घेऊन ती उठली.
"सरळ उभे राहा.
पोट आत ओढू नका, श्वास सोडा."
आणि वहीत लिहिता लिहिता
पडवीभर ऐकू जाईल असं म्हणाली,
"कंबर, शेहेचाळीस.
निम्मे पैसे आधी."

आसियातू पुन्हा शाळेत गेली नाही.
हे सांगायचं राहू नये.
माझ्या फीच्या दर पावतीला
मशीनच्या तेलाचा वास होता,
आणि ज्या खोलीत बसून मी हे लिहितेय
तिचं भाडंही बराच काळ
किनारी दुमडून आलं.

मागच्या सुट्टीत मी तिला विचारलं,
तुझ्या स्वतःच्या कापडाला आहे का गं आतला खिसा?
तिनं कंबरेची मुडपी उलटून दाखवली.
दोन होते.
एकात माझ्या पावत्या, चार घड्या घालून.
दुसरा बटण लावून बंद.

"यात काय?"

तिनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं,
सुई उजेडाकडे धरली,
एक डोळा मिटला.